भिंतीवर अक्षरं लिहून देणाऱ्या पेंटरचा रिव्ह्यू

फ्लेक्स लावू नका, पेंटरकडून हातानं लिहून घ्या, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या सोसायटीच्या रोडकडल्या भिंतीवर (नागपूर, प्रतापनगर साइड) नेहमी कोचिंग क्लासचे पोस्टर नाहीतर खर्र्याच्या पिचकाऱ्या, म्हणून पोट्ट्यांनी आयडिया काढली की चित्रबित्र काही नको, अख्ख्या भिंतीवर नुसती अक्षरं: ‘हळू चाल ना बापा, पोट्टे खेळून राह्यले’. कमिटीतल्या काकांना ‘वाहने सावकाश चालवा’ पाहिजे होतं, मग भाचीनं त्यांना अमेरिकन आर्टिस्ट जेनी होल्झरच्या कामाचे फोटो दाखवले, त्या बाईनं १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला जाहिरातीच्या लाइटच्या बोर्डावर नुसती वाक्यं चालवली होती. काका म्हणे ठीक आहे, पण लाइटबिल नको.

पेंटर जुना माणूस, बर्डीतल्या दुकानांच्या पाट्या लिहिणारा. रेट नंतर सांगितला, आधी विचारलं, ‘वाचणारा पायी राहीन का गाडीवर?’ मानलं राजेहो! झिरो माइलच्या दगडावरची गावांची नावं आन् अंतरं जवळ जाऊन वाचा लागते, दीक्षाभूमीत २२ प्रतिज्ञांच्या स्तंभापुढं माणूस थांबून वाचतो, पण आमच्या भिंतीसमोरून ॲक्टिवा सुसाट जाते. म्हणून यानं अक्षर जाड धरलं, दोन शब्दांत जागा मोकळी सोडली, वेलबुट्टी शून्य. रोड उताराचा आहे तरी शिरोरेषा तिरपी वाटत नाही, कारण दोरी मारताना त्यानं माप जमिनीपासून न घेता भिंतीच्या वरच्या कडेपासून घेतलं.

आता तक्रारी. ‘हळू’चा ऊकार आधी ऱ्हस्व टाकला, भाचीनं पकडला, त्यानं चुपचाप दुरुस्त केला. मोठी भानगड म्हणजे इलेक्शन लागलं तसा काम अर्धं टाकून गायब, फोन केला की ‘उद्या येतो ना भाऊ’, आमची भिंत आपली ‘हळू चाल ना बापा, पोट्टे’ एवढ्यावरच लटकलेली, आन् खरं सांगू, तेव्हाच लोकं जास्त थांबून वाचत होते.

रंगाचं त्यानं बजावलं होतं, लाल घेऊ नका, नागपूरचं ऊन खाऊन टाकते, काळा घ्या. कमिटीनं लालच घेतला, एक उन्हाळा गेला आन् ‘बापा’ गुलाबी झाला.

फ्लेक्सपेक्षा बराच महाग पडतो. प्रायमर आन् बाहेरच्या भिंतीचा पेंट तुम्हीच आणून द्या, अर्धे पैसे काम झाल्यावरच द्या, इलेक्शनच्या सीझनला तर बोलावूच नका. पाचपैकी चार.