बाळाचं पाजणं आणि फोनमधली मदत: काही महिन्यांच्या वापरानंतर

एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात फोन धरून मध्यरात्री हे वाचणारं कोणी असेल, तर आधी निकाल सांगून टाकते. पैसे भरून घेतलेलं नोंदीचं ॲप ठीकठाक. आयआयटी मुंबईचे फुकट व्हिडिओ उत्तम. वजनकाट्याला पर्याय नाही. आता सविस्तर.

ॲपचं नाव लिहीत नाही, कारण मैत्रिणींची वेगवेगळी ॲप्स हाताळून पाहिली आणि तक्रारी सगळ्यांच्या त्याच निघाल्या. डावीकडे किती मिनिटं, उजवीकडे किती, वरचं दूध किती मिली, शी, शू, झोप, वजन, एवढं सगळं त्यात टाकता येतं. सगळ्यात उपयोगी पडली ती एकच गोष्ट: नवऱ्याच्या आणि माझ्या फोनवर एकच खातं चालतं. रात्री पाळी बदलताना मला उठवून “शेवटचं कधी प्यायली?” असं विचारणं बंद झालं. बाळंतपणात झोपेचा अर्धा तास म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच माहीत, त्यामुळे या एका सोयीसाठी मी पैसे वसूल झाले म्हणेन.

पण ॲप इंग्रजीत, आणि दुपारभर बाळ आईकडे. तिने पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेन्सिलीने खुणा सुरू केल्या. शूला टिंब, शीला फुली. बालरोगतज्ज्ञांनी पहिल्या भेटीत ॲपचा रंगीत आलेख बाजूला सारला आणि त्या कॅलेंडरचा फोटो मोठा करून टिंबं मोजली. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल, तर पोटात दूध जातंय असं धरायला हरकत नाही, असं त्यांचं म्हणणं. ही नोंद मात्र नक्की ठेवा, कागदावर ठेवा नाहीतर फोनमध्ये.

मिनिटांचा टायमर बंद करा. मनापासून सांगते. एखादं बाळ दहा मिनिटांत पोटभर पिऊन मोकळं होतं, एखादं पाऊण तास नुसतं तोंडात धरून झोपतं. मिनिटांवरून दुधाचा अंदाज येतच नाही. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजणं नवजात बाळासाठी नेहमीचं, आणि संध्याकाळी सहा ते दहा या वेळात बरीच बाळं सारखी सारखी मागतात. ॲपला हे झेपत नाही. आमच्याकडे दिवेलागणीला त्याची लाल सूचना यायची, ‘दोन पाजण्यांतलं अंतर सरासरीपेक्षा कमी’. नेमकं त्याच वेळी सासूबाई म्हणायच्या, “दूध पुरत नाहीये गं तिला, वरचं सुरू कर.” आमच्या घरात कुठल्याही दोन माणसांचं चटकन एकमत होत नाही, पण सासूबाईंचं आणि ॲपचं झालं.

दूध पुरतं की नाही याचं उत्तर अखेर काट्यावर मिळालं. जन्मानंतर पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, साधारण ७ ते १० टक्क्यांपर्यंत, आणि दोनेक आठवड्यांत ते भरून निघतं. पुढचे तीन महिने दिवसाला २५ ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित. आमच्या लेकीची वाढ याच्या बरीच खाली होती. वजन दर वेळी एकाच काट्यावर, लंगोटसुद्धा काढून करायचं. माहेरी असताना हे काम अंगणवाडीत व्हायचं. सेविकाताई वजन त्यांच्या फोनवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये भरायच्या (केंद्र सरकारचं हे ॲप २०२१ पासून चालू आहे) आणि “ताई, परत पुढच्या आठवड्यात आणा हं” असं बजावून पाठवायच्या. माझ्या महागड्या ॲपने असं कधी बोलावून घेतलं नाही.

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या: पकड (म्हणजे बाळ स्तन तोंडात कसं धरतं ते) सुधारा, आणि तोवर थोडं पावडरचं दूध बोंडल्याने द्या.

पकडीसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले आरोग्य आणि पोषणाचे व्हिडिओ पाहिले. ते मराठीत आहेत, जाहिरात नाही, पार्श्वसंगीत नाही, आवाज सरळ आणि संथ. दिसायला अगदी शाळेतल्या धड्यासारखे, त्यामुळे पहिल्या मिनिटाला बंद करावंसं वाटेल. करू नका. वडापाव खाताना आपण तो बोटांनी कसा चेपतो आणि अंगठा व बोटं ओठांना समांतर कशी असतात, हे त्यात दाखवलंय, आणि स्तनही तसाच, बाळाच्या ओठांना समांतर धरायचा. उजवीकडे पाजताना डाव्या हाताने बाळाच्या मानेला आधार द्यायचा. बाळाने मोठा आ केला की आधी हनुवटी खाली टेकवायची. स्तनाग्राखालचा काळा भाग जास्तीत जास्त तोंडात गेला पाहिजे, वरचा थोडा दिसला तरी चालतो. नवरा फोन धरून व्हिडिओ थांबवत होता, आई बाळाची मान सांभाळत होती. पाजताना होणारं दुखणं दोन-तीन दिवसांत उतरलं आणि पिताना गिळल्याचा आवाज यायला लागला. हा आवाज कान देऊन ऐका, कुठलंही ॲप तो टिपत नाही.

पावडरच्या दुधाबद्दल घरात कुजबुज झाली. मला त्याचं काही वाटलं नाही, बाळ भुकेलं ठेवण्यात कसला मोठेपणा? आणि ॲप खऱ्या अर्थाने कामाला आलं ते इथे. कोणी किती मिली दिलं हे तिघांनाही दिसत होतं, वजनाशी ताडून डॉक्टर प्रमाण कमी करत गेले आणि काही आठवड्यांत डबा बंद झाला. ज्यांचा बंद होत नाही त्यांनीही मनाला लावून घेऊ नये. फक्त पावडर डब्यावरच्या मापानेच घ्या, पाणी उकळून किमान ७० अंश गरम असतानाच ती मिसळा (मग गार करून पाजा), आणि बनवलेलं दूध दोन तासांनंतर देऊ नका.

आता तक्रार. तीन महिन्यांनंतर ॲपच्या आलेखात लेकीची रेघ घसरायला लागली. डॉक्टरांच्या फाइलमधल्या आलेखात मात्र ती व्यवस्थित वर जात होती. सेटिंग उघडल्यावर उलगडा झाला: ॲप आपोआप अमेरिकेच्या सीडीसीचा (तिथली सरकारी आरोग्य संस्था) २००० सालचा वाढीचा तक्ता लावत होतं. त्यात वरच्या दुधावर वाढलेली मुलं बरीच, आणि अंगावर पिणाऱ्या बाळांची वाढ तीन महिन्यांनंतर त्यांच्यापेक्षा जरा संथ असते. जागतिक आरोग्य संघटनेचा २००६ चा तक्ता अंगावर पिणाऱ्या मुलांवरून बनवलाय, सहा देशांतल्या, त्यात आपली दिल्लीही आहे. खुद्द सीडीसीच दोन वर्षांखालच्या मुलांसाठी हा दुसरा तक्ता वापरायला सांगते! सेटिंग बदलताच रेघ सरळ झाली. किती घरांत त्या चुकीच्या रेघेपायी डबा आला असेल, कोण जाणे. तुमच्या ॲपमध्ये आजच तपासा.

दुसरी तक्रार जाहिरातींची. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने, आणि २००३ च्या दुरुस्तीने अधिकच कडकपणे, दोन वर्षांपर्यंतच्या मुलांचं पावडरचं दूध, शिशुआहार आणि दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातीला बंदी आहे. ॲपमध्ये बाळाची जन्मतारीख भरली आणि थोड्याच दिवसांत फोनवर बाटल्यांच्या सवलती दिसू लागल्या, तज्ज्ञांच्या सल्ल्याचं सोंग घेऊन. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये याच प्रकारावर अख्खा अहवाल काढलाय, त्यासाठी समाजमाध्यमांवरच्या ४० लाख पोस्ट तपासल्या होत्या. ‘मातांसाठी मोफत क्लब’ दिसला की खर्च कोण करतंय ते आधी बघा.

एक छोटी पण मोलाची गोष्ट: लॅक्टमेड. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरचा हा फुकट संग्रह आहे, कुठलं औषध दुधात किती उतरतं आणि बाळावर काय परिणाम होतो हे त्यात दिलेलं असतं. दाढेसाठी मला अमॉक्सिसिलिन दिलं, तेव्हा औषधाच्या दुकानात “कोर्स संपेपर्यंत पाजू नका” असं ऐकवलं गेलं. लॅक्टमेड म्हणत होतं की ते दुधात अगदी थोडं उतरतं आणि सहसा चालतं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनीही तेच सांगितलं, पाजणं चालू राहिलं. भाषा इंग्रजी आणि जड आहे, पण सारांश वाचला तरी पुरे.

सहा महिन्यांनी उष्टावण झालं आणि ॲपने ॲव्होकाडोची आठवण करून द्यायला सुरुवात केली. आमच्या भाजीवाल्याकडे ॲव्होकाडो नाही आणि असता तरी त्या भावात घेतला नसता. इथेही स्पोकन ट्युटोरियलच कामी आलं. मोड आलेली धान्यं वाळवून केलेली पूड आणि शेवग्याच्या पानांची पूड आईने त्यावरून केली, नाचणीसत्त्वाची रीत मात्र तिचीच.

वर्गणी पुढच्या महिन्यात संपतेय आणि मी ती भरणार नाहीये. नोंदी काढून ठेवायची सोय फक्त पैसे भरणाऱ्यांनाच आहे, त्यामुळे तुम्हीही थांबणार असाल तर मुदत संपायच्या आधी वजनांची यादी उतरवून घ्या, आणि मग खातं पुसायला सांगा. नुसतं ॲप काढून टाकलं तर बाळाची माहिती त्यांच्याकडेच राहते.