दोन-तीन ऑफिसं आणि एकच ड्रॉइंग: व्हीपीएन, सिंक, रिमोट डेस्कटॉप की लॉक सांभाळणारा फाईल सर्व्हर?

आमची तीन ऑफिसं, कामं एकमेकांत मिसळलेली, कॉलम लेआउट एकीकडे बनतो आणि त्यावरून रीइन्फोर्समेंटची शीट दुसरीकडे. त्यामुळे ड्रॉइंग नक्की ठेवायची कुठे हा प्रश्न माझ्याकडे आला आणि पुढची काही वर्षं मी तो वेगवेगळ्या पद्धतीने सोडवत राहिलो. आता तुमच्याकडेही हेच ठरवायची वेळ आली असेल तर मी काय काय वापरलं आणि शेवटी कुठे थांबलो ते सांगतो. तुमचं काम वेगळं असेल तर उत्तर थोडं बदलेल, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात सगळे करतात तीच आम्ही केली, मुख्य ऑफिसात सर्व्हर आणि बाकीच्यांनी व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटमधून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्या खासगी वाटेने, तोच ड्राइव्ह मॅप करायचा. यात एक गोष्ट खरंच चांगली आहे, फाईल एकच असते, त्यामुळे कोणाची खरी आणि कोणाची जुनी हा वादच नाही. पण ऑटोकॅड एक फाईल उघडताना सर्व्हरशी शेकडो वेळा लहान लहान बोलणं करतं, एक्सरेफ (या ड्रॉइंगला बाहेरून जोडलेली दुसरी ड्रॉइंग) शोधतं, फॉन्ट शोधतं, पाथ तपासतं. समजा अशा ५०० फेऱ्या झाल्या आणि इंटरनेटच्या लाईनवर एका फेरीला ४० मिलिसेकंद लागले तर २० सेकंद नुसत्या वाट बघण्यात गेले, फाईल उतरायची ती वेगळीच. म्हणून लाईन दुप्पट घेतली तरी फरक जाणवत नाही. आम्हीही घेतली होती, नाही जाणवला. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १००० किलोमीटरवरच्या ऑफिसला जाऊन-येऊन किमान १० मिलिसेकंद लागणारच, प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट-तिप्पट धरा, आणि तो वेळ कुठल्याही प्लॅनने कमी होत नाही. आणखी वाईट म्हणजे सेव्ह करताना लाईन तुटली तर. ऑटोकॅड आधी टेम्प फाईल लिहितं, मग जुन्या फाईलचं नाव बदलून तिची बॅकअप करतं, मग टेम्पला खरं नाव देतं, आणि याच्या मधेच व्हीपीएन गेलं की फोल्डरमध्ये टेम्प पडलेली असते आणि ड्रॉइंग गायब. महिन्याभरात पोरांनी फाईल डेस्कटॉपवर कॉपी करून काम करायला आणि संध्याकाळी परत टाकायला सुरुवात केली, आणि ते एकदा सुरू झालं की फाईल एकच राहण्याचा फायदाही गेलाच.

मग आलो सिंकवर. ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्ह किंवा स्वतःच्या मशीनवर चालणारं सिंकथिंग, तत्त्व सगळ्यांचं एकच, फाईल तुमच्या डिस्कवर, बदल मागून पाठवले जातात. पहिला आठवडा सगळे खूष होते, ड्रॉइंग लोकल डिस्कवरून उघडतंय म्हणजे झटक्यात उघडतंय. फक्त फोल्डर कायम मशीनवर ठेवायचा पर्याय चालू करा, नाहीतर डिस्कवर नुसतं नाव असतं आणि बारा एक्सरेफवालं ड्रॉइंग उघडताना एकेक एक्सरेफ तेव्हा डाउनलोड होतो. बदललेला तेवढाच भाग पाठवण्याचा जो फायदा सांगतात तो ड्रॉइंगच्या बाबतीत कमी मिळतो असा माझा अनुभव, कारण २००४ च्या फॉरमॅटपासून डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची ड्रॉइंग फाईल, आतूनच कॉम्प्रेस केलेली असते, एक लेअर बदलून पूर्ण सेव्ह केलं तरी फाईलचा बराच भाग बदललेला दिसतो. पण हे सगळं चालवून घेण्यासारखं आहे.

चालवून घेण्यासारखं नाही ते लॉक.

एकाच ऑफिसात, एकाच सर्व्हरवर काम करताना कोणीतरी उघडलेली फाईल आपण उघडायला गेलो की ऑटोकॅड सांगतं, ही वापरात आहे, रीड-ओन्ली उघडू का. आपल्याला याची इतकी सवय झालेली असते की ती सोय आहे हेच विसरायला होतं. ते कुलूप विंडोजचं असतं, त्या सर्व्हरवर उघड्या फाईलवर बसलेलं. शेजारी जी डीडब्ल्यूएल फाईल तयार होते त्यात फक्त कोणी, कोणत्या मशीनवर, कधी उघडली एवढी माहिती असते, हूहॅज कमांड तेच वाचून दाखवते. सिंकमध्ये प्रत्येक ऑफिसची प्रत वेगळी, म्हणून प्रत्येकाचं कुलूपही वेगळं. डीडब्ल्यूएल फाईल सिंक होऊन पलीकडे पोचली तरी खरं कुलूप पोचत नाही. दोघंही तीच फाईल उघडतात, दोघांनाही काहीही मेसेज येत नाही, दोघंही निवांत काम करतात.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो, सेवेचं नाव घेत नाही कारण त्या जातीच्या कुठल्याही सेवेवर असंच काहीतरी झालं असतं. सकाळी तिकडच्या ड्राफ्ट्समनने कॉलम लेआउट उघडला, आर्किटेक्टच्या नव्या प्लॅनप्रमाणे एका ग्रिडवरचे चार कॉलम १५० मिलिमीटर सरकवले. तेवढ्यातच इकडे मी तीच फाईल उघडून कॉलमचे नंबर आणि शेड्यूल दुरुस्त करत बसलो होतो. मी आधी सेव्ह केलं, त्याने नंतर. फोल्डरमध्ये नावापुढे शेपूट लावलेली दुसरी प्रत तयार झाली, पण त्या फोल्डरमध्ये दोनशेच्या वर फाईली, कोण बघतंय. शीटला एक्सरेफ जोडलेला होता मूळ नावाच्या फाईलला, ती राहिली माझी, म्हणजे न सरकवलेल्या कॉलमची. दोन दिवसांनी फूटिंगचे प्रिंट साइटवर गेले. साइट इंजिनिअरने आर्किटेक्टच्या ड्रॉइंगशी ताडून बघितलं म्हणून खोदाई सुरू व्हायच्या आधी फोन आला. त्याने बघितलं नसतं तर काय झालं असतं याचा विचार मी अजूनही करतो.

त्यानंतर दोन प्रती एकत्र करायला अख्खी संध्याकाळ गेली. ऑटोकॅड २०१९ पासून दोन ड्रॉइंगमधला फरक दाखवणारं डीडब्ल्यूजी कंपेअर आहे म्हणून निदान फरक रंगात दिसले, पण कोणता ठेवायचा हे माणसानेच ठरवायचं असतं, ड्रॉइंग काही मजकुरासारखं ओळीला ओळ जोडून मिळवता येत नाही. बोलून ठरवा, ग्रुपवर टाका 'मी ही फाईल उघडतोय', हाही उपाय आम्ही केला. तीन आठवडे टिकला. माणसं वाईट नव्हती, डेडलाईनच्या दिवशी कोणाच्या लक्षात राहणार? काही सेवांमध्ये हाताने लॉक करायची सोय असते, तिचंही तेच झालं.

इथे विंडोज सर्व्हरवाल्यांना वाटेल की आपल्याकडे डीएफएस रेप्लिकेशन फुकटच आहे, दोन्हीकडे सर्व्हर ठेवू, ते एकमेकांत फाईली पाठवतील. ते २००३ आर२ पासून आहे आणि आपलं काम चोख करतं, पण लॉक तेही पाठवत नाही. दोन्हीकडे बदल झाला तर शेवटी सेव्ह झालेली राहते आणि हरलेली एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाते, त्या फोल्डरलाही जागेची मर्यादा, भरला की जुन्या फाईली पुसल्या जातात. म्हणजे इथे तर शेजारी शेपूटवाली प्रतही दिसत नाही. शिवाय बॅक आणि टेम्प एक्स्टेन्शनच्या फाईली ते मुळात पाठवतच नाही, तेव्हा पलीकडच्या ऑफिसात ऑटोकॅडची बॅकअप फाईल शोधत बसू नका. टायटल ब्लॉक, फॉन्ट, प्लॉट स्टाईल, ब्लॉक लायब्ररी, संपलेली प्रोजेक्ट्स, असं जे एकाच बाजूने बदलतं त्यासाठी मात्र मी ते आजही वापरतो आणि बिनधास्त वापरा म्हणेन. चालू ड्रॉइंगसाठी नको. शीट सेटसाठी, म्हणजे प्रोजेक्टच्या सगळ्या शीटच्या यादीसाठी, तर अजिबात नको, तिची ती एक डीएसटी फाईल सगळेच दिवसभर हलवत असतात.

मग उरतात तीन रस्ते, आणि तिन्हीत लॉक खरं असतं.

पहिला ऑटोडेस्कच्या व्हॉल्टसारखा, फाईल आपल्या नावावर चेक-आउट करून घ्यायची आणि काम झालं की चेक-इन करून परत द्यायची. इन्व्हेंटर किंवा सॉलिडवर्क्समध्ये सुट्या पार्टच्या ३डी असेंब्ल्या करणाऱ्यांनी पुढचं वाचायचीही गरज नाही, तुम्हाला असलंच काहीतरी पीडीएम (फाईली आणि त्यांचे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर) लागणार, एका पार्टचं नाव बदललं की दहा फाईलींचे संदर्भ सांभाळायचं काम फोल्डरला जमत नाही. पण नुसत्या २डी ड्रॉइंगवाल्या ऑफिसात ते मला जरा जड वाटलं. लोक चेक-इन न करता सुट्टीवर जातात आणि फाईल अडकते, नवीन आलेल्या माणसाला शिकवायलाही वेळ लागतो. ज्यांच्याकडे शिस्त आधीपासून आहे त्यांना कदाचित हेच सगळ्यात चांगलं वाटेल.

दुसरा रिमोट डेस्कटॉप. फाईल हलवायचीच नाही, माणसानेच पडद्यातून सर्व्हरजवळच्या मशीनवर जायचं. लॉक, एक्सरेफ, शीट सेट, सगळं एकाच ऑफिसात असल्यासारखं चालतं आणि हे मला मनापासून आवडतं. लांबच्या ऑफिसात चार-पाचच जण असतील, लाईन बरी असेल, तर माझ्या मते आधी हेच करून बघा, बाकी काही विकत घ्यायच्या आधी. आमच्याकडे अडलं ते क्रॉसहेअरवर, म्हणजे ऑटोकॅडच्या अधिक चिन्हासारख्या कर्सरवर. माऊस हलवला आणि क्रॉसहेअर किंचित मागून आला की दिवसभर ट्रिम आणि एक्स्टेंड करणाऱ्याचा हात थकतो, तो तक्रार करत नाही पण त्याचं काम मंदावतं. साधारण ५० मिलिसेकंदापर्यंत कोणी काही बोललं नाही, १०० च्या आसपास गेलं की माझे ड्राफ्ट्समन परत लोकल कॉपी मागायला लागले. मोजमाप म्हणून घेऊ नका, आमच्या माणसांच्या हातावरून सांगतोय. त्यात लाईन गेली की अख्खं ऑफिस हात बांधून बसतं.

तिसरा रस्ता म्हणजे लॉक सांभाळणारा फाईल सर्व्हर. नासुनी, पॅनझुरा, सीटेरा असे बरेच आहेत, पीअर सॉफ्टवेअरचं तुमच्याच विंडोज सर्व्हरवर बसणारंही आहे, आतली रचना प्रत्येकाची वेगळी. आमच्याकडे आहे त्यात प्रत्येक ऑफिसात एक छोटा सर्व्हर किंवा व्हर्च्युअल मशीन, मूळ प्रत क्लाउडमध्ये, आणि रोज लागणाऱ्या फाईली त्या त्या ऑफिसच्या मशीनवर साठवलेल्या. फाईल उघडताना डेटा लोकल डिस्कवरूनच येतो, पण त्याआधी एक छोटी विचारणा सगळीकडच्या लॉकचा हिशोब ठेवणाऱ्याकडे जाते. तिकडे कोणी उघडली असेल तर इकडे तोच जुना ओळखीचा मेसेज येतो, वापरात आहे, रीड-ओन्ली उघडू का. ड्राफ्ट्समनला काहीच नवीन शिकायचं नाही, पी ड्राइव्ह होता तो पी ड्राइव्हच राहिला. आणि लाईनवरून शेकडो फेऱ्यांऐवजी मोजक्याच जातात, बहुतेक वेळ तिथेच वाचतो.

त्रास आहेत, लपवत नाही. सहा महिने न उघडलेलं प्रोजेक्ट पहिल्यांदा उघडताना सावकाश येतं, कारण ते मशीनवर नसतं. कोणाचं मशीन हँग झालं तर लॉक अडकून राहतं आणि ते ॲडमिनने सोडवायला लागतं, आमच्याकडे महिन्यातून एखाद-दोनदा तरी होतंच. लाईन गेली तर आमच्या सेटिंगप्रमाणे फाईली फक्त वाचायला मिळतात. सुरुवातीला हे सगळ्यांना खटकलं, मला नाही खटकलं, त्या वेळात दोघांनी एकाच फाईलवर काम करण्यापेक्षा ते बरं. आणि पैसे दरवर्षी जातात, जागेप्रमाणे आणि ऑफिसप्रमाणे वाढत जातात, लहान ऑफिसला ते जड जाईल. त्या बदल्यात जुन्या व्हर्जन मिळतात, म्हणजे एखाद्याने फोल्डर पुसला किंवा रॅन्समवेअर आलं तर मागच्या तासावर जाता येतं.

एक गोष्ट कुठलाही रस्ता घेतला तरी आधी करा. सगळ्या ऑफिसांत ड्राइव्हचं अक्षर एकच ठेवा आणि एक्सरेफ रिलेटिव्ह पाथवर न्या, म्हणजे पूर्ण पत्ता न देता चालू ड्रॉइंगच्या फोल्डरपासूनचा पत्ता. ऑटोकॅड २०१८ पासून नवा एक्सरेफ जोडताना रिलेटिव्हच डिफॉल्ट असतो, पण जुन्या ड्रॉइंगमध्ये कोणाच्या तरी डेस्कटॉपचा पूर्ण पाथ बसलेला असतो, ते रेफरन्स मॅनेजरने एकगठ्ठा बदलून टाका. आम्ही हे नंतर केलं आणि दोन आठवडे एक्सरेफ सापडत नाही म्हणून फोन घेत बसलो.

आणि ट्रायल घ्याल तेव्हा कंपनीचा माणूस दाखवेल ते बघून ठरवू नका. दोन ऑफिसांत दोघांना फोनवर ठेवा, एकाने ड्रॉइंग उघडायचं, दुसऱ्याने लगेच, मधे तीन सेकंदसुद्धा जाऊ न देता, तेच उघडायचं. हे वीसदा करा, त्यातलं अर्धं एक्सरेफवाल्या मोठ्या फाईलवर, आणि दर वेळी दुसऱ्याला मेसेज आला का ते लिहून ठेवा. मग पहिल्याने सेव्ह करून बंद करायचं आणि दुसऱ्याने ताबडतोब उघडून बघायचं की आत्ताचा बदल दिसतोय की जुनीच फाईल आली, कारण लॉक सुटला पण डेटा अजून वाटेत आहे असंही काही ठिकाणी होतं आणि ते लॉक नसण्याइतकंच वाईट. मग काम चालू असताना एकीकडची नेटची केबल काढा. आम्ही दोन कंपन्यांच्या ट्रायल घेतल्या, एकीत वीसपैकी तीन वेळा दुसऱ्याला मेसेज आलाच नाही, दुसरीत वीसही वेळा आला. दुसरी महाग होती, आम्ही तीच घेतली.