मिडनाइट ब्लू: रिकाम्या जागांची एलपी

जॅझ गिटारवादक केनी बरेलच्या 'मिडनाइट ब्लू'मध्ये पियानो नाही, आणि ही एलपी घेण्याआधी ध्यानात ठेवायची मुख्य गोष्ट हीच. ८ जानेवारी १९६३ रोजी न्यू जर्सीतल्या इंगलवुड क्लिफ्स इथे, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत पाच जणांनी ती वाजवली: गिटारवर बरेल, टेनर सॅक्सवर स्टॅनली टरेंटाइन, बासवर मेजर हॉली, ड्रम्सवर बिल इंग्लिश आणि काँगावर रे बरेटो. मागे स्वर भरत राहणारं कुणी नसल्यामुळे गिटारच्या दोन वाक्यांमधली जागा मोकळी राहते. विलंबित ख्याल ऐकणाऱ्या पुणेकर कानांना ही मोकळीक लगेच पटते. पण तबकडीत किंवा टर्नटेबलमध्ये काही खोट असेल, तर तीही याच जागांमध्ये उघडी पडते.

म्हणून इथे परीक्षण ब्लू नोट या अमेरिकी जॅझ कंपनीच्या क्लासिक व्हायनल मालिकेतल्या आवृत्तीचं. मूळ ॲनालॉग टेपवरून ध्वनितंत्रज्ञ केव्हिन ग्रे यांनी केलेलं मास्टरिंग (छपाईआधीची अंतिम घडण), जर्मनीतल्या ऑप्टिमल कारखान्यातली १८० ग्रॅमची छपाई, एकेरी जॅकेट. हातात आल्यावर लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात 'केपीजी@सीए' ही रोमन अक्षरांतली खूण बघा, ती ग्रे यांची. बाजारात जॅझच्या स्वस्त युरोपीय एलपी पुष्कळ मिळतात, पण त्यांच्यावर बऱ्याचदा कोणत्या टेपवरून खाचांची कापणी केली याचा उल्लेखच नसतो. या संगीतासाठी तसली प्रत घेऊ नये.

आवाजाबद्दल आधी चांगलं ते सांगतो, कारण ते खरंच फार चांगलं आहे. पहिली बाजू सुमारे १९ मिनिटांची, दुसरी साधारण साडेसोळा. बाजू छोटी असली की खाचांना ऐसपैस जागा मिळते आणि शेवटचं गाणं लेबलाला अगदी खेटत नाही, त्यामुळे आतल्या खाचांमध्ये आवाज फाटण्याचं प्रमाण कमी होतं. 'चिटलिन्स कॉन कार्ने' हा बारा बारचा ब्लूज. त्यात काँगावर पंजा पडतो तेव्हा चामड्याचा दाब आणि मागून उमटणारी घुमक वेगवेगळी ऐकू येते, डग्ग्यावर मनगट सरकावं तशी. हॉलीचा बास जाड आहे, पण सांडत नाही. टरेंटाइनच्या सॅक्समध्ये श्वासाची खरखर शाबूत आहे. शीर्षकगीतात सॅक्स नाहीच, गिटार पुढे येते. तिथे बरेलचा ठोका किती हलका आहे ते कळतं. माझ्या मते तोच या रेकॉर्डचा गाभा.

प्रत तपासायची ती 'सोल लमेंट'वर. पहिल्या बाजूचं हे तिसरं गाणं, पावणेतीन मिनिटं, फक्त गिटार. लांबवलेला सूर थरथरत वरखाली होत असेल, तर मधलं भोक केंद्रातून सरकलेलं आहे. खात्रीसाठी टोनआर्मकडे (सुई धरणाऱ्या दांड्याकडे) बघा: प्रत्येक फेऱ्यात तो डावीकडे-उजवीकडे झुलत असेल तर प्रत बदलून घ्या. याच गाण्यात मागे एकसारखी बारीक 'स्स' ऐकू येते. ती मूळ टेपची, दोष नव्हे. दोष ओळखायचा तो तालावरून. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीला एक फेरा १.८ सेकंदांचा; टकटक नेमकी तेवढ्या अंतराने येत असेल तर ओरखडा आहे किंवा काहीतरी चिकटलेलं आहे. कापड फाटल्यासारखा चर्र आवाज, बहुधा एकाच स्पीकरमधून, म्हणजे छपाईच्या वेळी खाच पुरती भरली गेली नाही. दिवा तिरका धरला की तिथे खरबरीत डाग दिसतो. हा धुऊन जात नाही, वेळ घालवू नका.

एप्रिल-मेमध्ये मागवणार असाल तर सांभाळून. कुरिअरच्या तापलेल्या गाडीत पडून राहिलेली तबकडी बशीसारखी वाकते. जाड १८० ग्रॅममुळे हे टळतं, असा समज आहे; टळत नाही. सपाट काचेवर ठेवून कडेखालची फट बघा, दोन्ही बाजूंनी. उन्हात काचांमध्ये दाबून सरळ करायच्या फंदात पडू नये, खाचाच बिघडतात.

सुईबद्दल. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई ही लंबगोल सुई या रेकॉर्डला पुरेशी आहे. दाब १.८ ते २.२ ग्रॅम चालतो, २.० वर ठेवा आणि टोनआर्मवरच्या आकड्यांवर विसंबण्यापेक्षा छोटा डिजिटल काटा वापरा. दाब कमी पडला की सॅक्सच्या चढ्या सुरांवर आवाज चरचरतो. लोक घाबरून दाब आणखी कमी करतात आणि मग सुई खाचेत उडून रेकॉर्ड खरवडते. त्याच कार्ट्रिजच्या बॉडीवर पुढे मायक्रोलिनिअर (अधिक बारीक टोकाची) सुई बसवता येते. कंपनी लंबगोल सुईचं आयुष्य सुमारे ३०० तास आणि मायक्रोलिनिअरचं सुमारे १००० तास सांगते, तेव्हा रोज ऐकणाऱ्याला तीच परवडते. मोकळ्या जागांमध्ये 'हुम्म' ऐकू आलं तर आधी अर्थची तार ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला घट्ट आहे का ते बघा. तार किंवा आरसीए केबल बदलायची असेल तर पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळते.

नवी प्रतसुद्धा एकदा धुवावी, कारखान्यातली धूळ आणि कागदाचा भुगा निघतो. तीन भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, लिटरमागे भांडी घासायच्या बिनवासाच्या द्रवाचे दोन-तीन थेंब. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा. लेबल कोरडं ठेवा. सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन खाचेत बसतं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी तर नकोच, वाळल्यावर क्षार राहतात. आणि हे मिश्रण ७८ आरपीएमच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांवर चुकूनही वापरू नका, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते.

कव्हर ब्लू नोटचा रचनाकार रीड माइल्स याचं, बरेलचा फोटो आणि ठळक अक्षरं यांच्या जोरावर उभं राहिलेलं. पुण्याच्या पावसाळ्यात पुठ्ठ्याला बुरशी धरते, म्हणून बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नये. बाहेरची प्लॅस्टिकची पिशवी वरून उघडी राहू द्या, बंद केली की आत दमट हवा कोंडते. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत उलट त्रास, स्थिर विजेमुळे धूळ चिकटते. आतला कागद काढून अँटिस्टॅटिक पाकीट घातलं की बराच फरक पडतो.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जाऊन मूळ १९६३ची प्रत शोधू म्हणणाऱ्यांनी एवढंच बघावं की तिथे हिंदी चित्रपटांच्या एलपींचे ढीग असतात, जॅझ क्वचित, आणि मिळालं तरी जड सुईने घासलेलं. तिथून ऑर्गन किंवा बिग बँडची रेकॉर्ड घ्यायला हरकत नाही, भरगच्च वाद्यमेळात थोडी खरखर झाकली जाते. 'मिडनाइट ब्लू'मध्ये ती झाकायला कुणी नाही. एखादी चांगली जपानी प्रत आधीच घरात असेल तर मात्र ही दुसरी घेण्याची घाई नको. नसेल, तर हीच घ्या आणि शेजारी झोपल्यावर, बोलण्याच्या आवाजाहून खाली, दुसऱ्या बाजूपासून लावून बघा.