पॉवर कॉर्डने आवाज ‘खुलला’, माझे ४७,७०० रुपये गेले

आधी आकडा सांगून टाकतो. अॅम्प्लिफायरला भिंतीतून वीज देणारी वायर, म्हणजे पॉवर कॉर्ड, ४१,५०० रुपये, सोबत भिंतीतलं ‘ऑडिओफाइल ग्रेड’ सॉकेट ६,२०० रुपये. एकूण ४७,७००. हसायचं असेल तर खुशाल हसा, पोलीस चौकीत हसून झालंच आहे.

मी या छंदात नवखा नाही. अॅम्प्लिफायर, स्पीकर, टर्नटेबल असं पैसे साठतील तसं एकेक जमवलंय. लाखालाखाच्या वायरी विकणारे जगभर पसरलेत हेही माहीत होतं. २००७ साली अमेरिकेत जेम्स रँडी या भोंदूगिरी उघडी पाडणाऱ्या जादूगाराने ७,२५० डॉलरच्या एका स्पीकर केबलबद्दल जाहीर आव्हान दिलं होतं: डोळ्यांनी न बघता, नुसतं ऐकून साध्या चांगल्या वायरीपासून ती वेगळी ओळखा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा. ती चाचणी झालीच नाही. हा किस्सा मी स्वतः मित्रांना रंगवून सांगायचो. तेव्हा ‘असल्या गोष्टींना कोण फसतं’ असं वाटत असेल तर पुढचं नीट वाचा.

विकणारा मुंबईच्या एका उपनगरात फ्लॅटमध्ये ‘लिसनिंग रूम’ चालवतो. बाहेर पाटी नाही, ओळखीतून ओळख. चहा फक्कड, बोलणं गोड, दर वाक्याला ‘काका’. गाण्याची जाण मात्र खरी होती, ते नाकारत नाही. ऐकताऐकता रागातला वर्ज्य स्वर अचूक सांगायचा. अशा माणसावर विश्वास बसतो, त्यात माझं काय चुकलं?

त्याने आधी अॅम्प्लिफायरसोबत येते ती काळी कॉर्ड लावून एका ख्यालाची सुरुवात ऐकवली. मग कॉर्ड बदलली. बदलताना दोन मिनिटं गप्पा, तेवढ्यात आधीचा आवाज कानातून गेलेला असतो. मग निळ्या जाळीची, अंगठ्याएवढी जाड कॉर्ड लावून त्याच रेकॉर्डचा पुढचा भाग लावला. ‘काका, तानपुऱ्याची जवारी, तो झंकार ऐका, आता कशी सुटी झाली बघा.’ आणि खरंच सुटी वाटली. मित्रांना पाठवायला म्हणून मी दोन्ही वेळा अॅम्प्लिफायरचा फोटो काढला होता. ते फोटो नंतर मोठे करून बघितले. पहिल्यात डिस्प्लेवर व्हॉल्यूमचा आकडा ४२, दुसऱ्यात ४५. रिमोट सगळा वेळ त्याच्या मांडीवर होता. त्या मॉडेलला एका पायरीला अर्धा डेसिबल, म्हणजे दीड डेसिबलची वाढ. एवढी वाढ कानाला ‘मोठी’ वाटत नाही, ‘चांगली’ वाटते. म्हणून कुणी दोन वस्तूंची तुलना ऐकवायला बसला की रिमोट आपल्या हातात घ्या, गाण्याचा तोच तुकडा पुन्हा लावायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा.

पण आकडा कोण बघतं त्या वेळी? डोळे मिटून ऐकत होतो. मला चीड येते ती पुढच्या वाक्याची. मी विचारलं, नाही पटलं तर? तो म्हणाला, दहा दिवसांत बिनबोभाट परत. आणि त्याच दमात, ‘फक्त बर्न-इन होऊ द्या काका, म्हणजे वाजवून मुरू द्या, २०० तास. रोज तीनएक तास वाजवा, मग खरी उघडेल.’ २०० भागिले ३. सदुसष्ट दिवस! परतीची मुदत दहा दिवस आणि वस्तू कळायला सदुसष्ट. हे दोन आकडे त्याने माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले आणि मी मान डोलावली. मी, ज्याने सगळी नोकरी अकाउंट्समध्ये काढली! आजही रात्री ते वाक्य आठवतं. बर्न-इनचा शब्द निघाला की उठून चालू लागा. तांब्याच्या वायरीला असलं काही लागत नाही, ते लागतं विकणाऱ्याला, मुदत उलटायला.

बिलाचं म्हणाल तर तो म्हणाला, बिल हवं असेल तर १८ टक्के जीएसटी वर, ७,४७० रुपये. मूळ किंमत म्हणे १,१५,०००, डेमो पीस म्हणून मला ४१,५००. मी बिल घेतलं नाही. तुम्ही काय केलं असतं ते मला सांगू नका. पाच हजार टोकन यूपीआयने, बाकीचे रोख, कारण ‘रोख दिलेत तर सॉकेट स्वस्तात देतो’. ते ६,२०० चं सॉकेट म्हणजे साधं सोळा अँपिअरचं मॉड्युलर सॉकेट, वर सोनेरी स्टिकर.

आता मुख्य गोष्ट, ज्यामुळे मी गप्प राहिलो. घरी ती कॉर्ड लावली आणि खरोखर फरक पडला! माझ्या सिस्टीममध्ये कित्येक महिने बारीक घूंऽऽ असा आवाज होता, गाणं थांबलं की ऐकू यायचा. तो बंद झाला. साफ बंद. मी त्याला फोन करून आभार मानले, वर दोन मित्रांना त्याचा नंबर दिला. (त्यातल्या एकाने घेतली. तो आता माझ्याशी बोलत नाही.)

दिवाळीच्या साफसफाईत सेट-टॉप बॉक्सची केबल काढून ठेवली होती. बायको ओल्या फडक्याने अॅम्प्लिफायर पुसत होती आणि तिचा हात झटकला गेला. शॉक नाही, पण चांगल्या झिणझिण्या. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने टेस्टर कॅबिनेटला लावला, दिवा पेटला. मग मल्टीमीटर काढून कॉर्डच्या दोन्ही टोकांच्या अर्थच्या पिनांना (अर्थ, म्हणजे गळती वीज जमिनीत नेणारी हिरवी तार) लावला, बीप नाही. ‘साहेब, हिला अर्थिंगच नाही.’ कॉर्ड उभी चिरली. वर निळी नायलॉनची जाळी, खाली बागेला पाणी घालायची असते तसली रबरी नळी, आणि त्या नळीच्या आत साधी तीन कोअरची, एक चौरस मिलिमीटरची काळी वायर. प्लगमध्ये हिरवी तार कापून, दुमडून, वर व्यवस्थित टेप गुंडाळलेली. तुटलेली नव्हे, कापलेली.

घूं का थांबला ते तेव्हा कळलं. अॅम्प्लिफायरला एक अर्थ भिंतीतून मिळत होता आणि दुसरा सेट-टॉप बॉक्सच्या केबलच्या जाळीतून. या दोन अर्थच्या तारांच्या व्होल्टेजमध्ये फरक असला की त्या वेटोळ्यातून बारीक प्रवाह फिरतो आणि स्पीकरमध्ये घूं येतो. विकणाऱ्याने भिंतीकडची बाजू कापली, वेटोळं तुटलं, आवाज गेला. दिवाळीत सेट-टॉप बॉक्सची केबलही निघाली, म्हणून बायकोला झिणझिण्या. गेलं त्याबरोबर संरक्षणही. आत काही बिघडून फेज, म्हणजे वीज आणणारी तार, कॅबिनेटला चिकटली असती तर प्रवाहाला जायला नीट वाट नव्हती, पहिला हात लावणारा तीच वाट. ४१,५०० रुपयांत मी घरात हा धोका विकत आणला. आता लॅमिंग्टन रोडवरून ३५० रुपयांची आयएसआय शिक्क्याची तीन पिनी कॉर्ड आणलीय, आणि सेट-टॉप बॉक्सपासून अॅम्प्लिफायरपर्यंत ४५० रुपयांची ऑप्टिकल केबल, जिच्यातून वीज जातच नाही, उजेड जातो. घूं गेला, अर्थ शाबूत. आठशे रुपये.

कॉर्डने काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. पिन सैल असेल, अर्थ नसेल, वायर गरम होण्याइतकी बारीक असेल तर जरूर बदला. पण मेन्सचे २३० व्होल्ट काही स्पीकरपर्यंत जात नाहीत. ते ट्रान्सफॉर्मरमध्ये उतरतात, रेक्टिफायरमध्ये डीसी होतात, कपॅसिटरमध्ये साठतात, गाणं त्या साठ्यातून वाजतं. आणि हिशेब बघा: एक चौरस मिलिमीटरची दीड मीटर वायर, जाऊन-येऊन तीन मीटर, रोध जेमतेम ०.०६ ओहम. एक अँपिअर घेतला तर व्होल्टेजची घट ०.०६ व्होल्ट. आमच्याकडे शेजारचा गीझर लागला की त्याच्या कितीतरी पट व्होल्टेज खाली येतं, तेव्हा कुणाच्या तानपुऱ्याची जवारी बिघडत नाही!

आता आपल्या व्यवस्थेची कथा. पोलीस चौकीत ठाणे अंमलदाराने दोनदा विचारलं, ‘वायर? एक वायर?’ मग आतल्याला हाक मारून सांगितलं, ‘अरे ऐक, एक्केचाळीस हजारांची वायर.’ सगळे हसले. मी म्हणालो, अर्थ मुद्दाम कापलाय, माणूस मेला असता. तर म्हणे, ‘मेलं का कुणी? नाही ना. मग दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.’ भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, म्हणजे जुनं ४२०, मी प्रिंट काढून नेलं होतं. कागद हातातही घेतला नाही. सायबर पोलिसांकडे गेलो तर ‘ओटीपी दिला का? नाही? मग आमचं नाही.’ वीज कंपनीत गेलो तर ‘मीटरच्या पुढचं तुमचं तुम्ही बघा.’ ग्राहक तक्रार हेल्पलाइनवर यादीतून कंपनी निवडायला सांगतात, यादीत एखाद्याचा फ्लॅट कुठून असणार? तरी तक्रार टाकली, तर ‘बिल जोडा’ म्हणून बंद. ग्राहक आयोगाच्या खिडकीवर सांगितलं, वस्तू सदोष असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल तुम्हीच आणा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात गरज पडली तर आयोग स्वतः नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो असं स्पष्ट लिहिलंय, हे मी त्या बाईंना दाखवलं. ‘तुम्ही वकील आहात का?’ नाही बाई, मी ४७,७०० रुपये गेलेला माणूस आहे. वकिलाने १५,००० सांगितले. म्हणजे गेलेल्याच्या जवळजवळ तिसरा हिस्सा, तो परत मिळवायला!

वकील लागत नाही, हे तिथे कुणी आपणहून सांगत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगात शुल्क शून्य आहे, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. मी स्वतः लिहून दाखल केलीय. पुराव्याला पाच हजारांची यूपीआय नोंद, ते दोन फोटो, आणि व्हॉट्सअॅपवरचा त्याचा मेसेज ज्यात ‘४१,५०० फायनल काका’ असं लिहिलंय. बिल असतं तर हा सगळा खेळ लागला नसता, ते ७,४७० रुपये द्याच. रोख अजिबात नको. चॅट पुसू नका, विकणारा नंतर गोड बोलून ‘डिलीट करा’ म्हणतो, मलाही म्हणाला होता. चिरलेली वस्तू फेकू नका, पिशवीत घालून ठेवा. आणि तीनचारशे रुपयांचा मल्टीमीटर घरात हवाच.

त्याची लिसनिंग रूम अजून चालू आहे. निळ्या जाळीची, सोळा अँपिअरच्या जाड पिनेची, प्लगवर आयएसआय खूण नसलेली कॉर्ड कुणाकडे असेल तर आज ती भिंतीतून काढा आणि दोन्ही टोकांचा अर्थ तपासून घ्या. तोवर अॅम्प्लिफायरला हात लावू नका, घरातल्या मुलांनाही सांगून ठेवा. आणि माझ्या तक्रारीत नाव जोडायचं असेल तर कळवा, आयोगात पुढची तारीख पडायची आहे.