प्रीफॅब घर घेताय? शेवटचा मोठा हप्ता देण्याआधी पॅनेलचा तुकडा कापून त्याचं वजन करा

गावी जागा आहे, गवंडी मिळत नाहीत, मिळाले तर चार दिवस येतात नि गायब होतात, म्हणून फॅक्टरीत तयार झालेलं घर आणून जोत्यावर बसवायचं असा विचार सध्या बरेच जण करतायत. आमच्याच नात्यात तिघांनी मला विचारलं म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय. अशी घरं वाईटच असतात असं माझं अजिबात म्हणणं नाही, चांगली बांधलेलीही पाहिलीत. पण यात फसवायची जागा भिंतीच्या आत असते, ती दिसत नाही, आणि दिसते तेव्हा पैसे देऊन झालेले असतात.

आमचं गाव दापोली तालुक्यात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात जुन्या घराची कौलं उडाली आणि त्यानंतर मातीच्या भिंती भिजून बसल्या. चिऱ्याचं जोतं तेवढं शाबूत राहिलं. आई-आप्पांना ठाण्यात करमत नाही, त्यांना गावीच राहायचं होतं, म्हणून मग आम्ही पुण्याजवळच्या एका कंपनीकडून वन बीएचके घ्यायचं ठरवलं. दोन मोड्यूल, म्हणजे फॅक्टरीतून तयार होऊन येणारे घराचे दोन भाग, १४ लाख आणि वर १८ टक्के जीएसटी. नाव लिहीत नाही कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे.

कोटेशनमध्ये लिहिलेलं असं: ५० एमएमचं पफ पॅनेल (आत पॉलियुरेथेनचा फोम भरलेलं), दोन्ही बाजूंना ०.५ एमएमचा पत्रा, हॉट डिप गॅल्वनाइज्ड (गंजू नये म्हणून जस्ताचा थर दिलेला) सांगाडा, १० वर्षांची वॉरंटी. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात 'ऑर इक्विव्हॅलंट', म्हणजे 'किंवा त्याच तोडीचं'. पैसे द्यायची पद्धत अशी की बुकिंगला १० टक्के, काम सुरू होताना ५०, गाडी फॅक्टरीतून निघायच्या आधी ३५ आणि बसवून झाल्यावर ५. म्हणजे घर जोत्यावर टेकायच्या आधीच ९५ टक्के त्यांच्या खिशात. मधे व्हिडिओ कॉलवर तयार होत असलेलं घर दाखवायचे, पण आम्ही प्रत्यक्ष बघायला येतो म्हटलं की आज ऑडिट आहे, आज शेड बंद आहे, असं काहीतरी निघायचंच.

ट्रेलर आला, हायड्रा क्रेनने मोड्यूल उचलले तेव्हा एकाचा सांगाडा पिळवटल्यासारखा झाला आणि तेव्हापासून मागचं दार लागतच नाही, खालून लागतं तर वरून बोटभर फट राहते. सुपरवायझर म्हणाला "ताई, लोड बसला की आपोआप सेट होईल". पिळलेला सांगाडा आपोआप सरळ होत नसतो हे मला नंतर एका स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगितलं, त्याने दोन्ही कर्ण मोजून दाखवले, सरळ चौकटीत ते सारखे असतात, आमच्यात चांगलाच फरक होता.

मग पाऊस आला. आमच्याकडे पाऊस सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा झोडपतो. दोन मोड्यूल जिथे जोडतात तिथे छपरावर वरून पत्र्याची टोपी हवी, फ्लॅशिंग म्हणतात तिला, ती नव्हतीच, नुसतं सिलिकॉन भरलेलं. पाणी थेट आईच्या पलंगाशेजारी. बाथरूममध्ये उताराचा पत्ता नाही, वॉटरप्रूफिंग नाही, पाणी जमिनीवरच्या व्हिनाइल शीटखाली शिरून जमीन पाय ठेवला की दबायला लागली. आप्पा ७६ वर्षांचे आहेत, त्यांना त्या जमिनीवरून रात्री जायचं असतं.

पण खरा धक्का स्वयंपाकघरात बसला. एक्झॉस्ट फॅनसाठी इलेक्ट्रिशियनने भोक पाडलं आणि आतून पांढरे गोळे भुरभुर खाली आले. थर्माकोल. पफ पिवळसर असतं आणि एकसंध असतं, त्याचे असे दाणे सुटत नाहीत. माणसाने पफ पॅनेलच्या नावाने पैसे घेऊन म्हाताऱ्या माणसांच्या गॅसच्या शेगडीमागे थर्माकोल भरला, हे मी आजही शांतपणे लिहू शकत नाही. थर्माकोल तापला की वितळतो आणि पेटला की काळा धूर करतो.

तो कापलेला तुकडा मी फेकला नाही. इंजिनिअरने हिशेब समजावला, तो प्रत्येकाने लक्षात ठेवा. ५० एमएम पफ, घनता घनमीटरला ४० किलो, दोन्ही बाजूंना ०.५ चा पत्रा, अशा पॅनेलचा एक फूट बाय एक फूट तुकडा साधारण ९०० ग्रॅम भरायला हवा. आमचा किराणा दुकानातल्या काट्यावर ६०० च्या आत भरला. पत्रा मायक्रोमीटरने, म्हणजे जाडी मोजायच्या उपकरणाने, मोजला तर ०.३५ एमएम. सांगाडाही गॅल्वनाइज्ड नाही, साधा लोखंडी बॉक्स पाइप, वर रेड ऑक्साइड आणि रंग, खाऱ्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात वेल्डिंगच्या जागा तांबूस झाल्या.

कंपनीला फोटो पाठवले. आधी म्हणाले जोतं लेव्हलमध्ये नाही, म्हणजे दोष आमच्या गवंड्याचा. गवंड्याने लेव्हल ट्यूब लावून दाखवली. मग म्हणाले वॉरंटीत गळती येत नाही, समुद्राकाठचा गंज येत नाही, इक्विव्हॅलंट मटेरियल द्यायचा आम्हाला अधिकार आहे. घर दापोलीला जाणार हे पहिल्या फोनपासून माहीत होतं त्यांना! नंतर फोन उचलणंच बंद.

रेराचा, म्हणजे बिल्डरांसाठीच्या कायद्याचा, इथे उपयोग नाही, कारण जागा आपली, बिल्डर कोणी नाही, बिलावर प्रीफॅब घर म्हणून विकलेला माल. पण ग्राहक कायदा लागू होतो. १९१५ या हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवली, त्यांनी कंपनीला कळवलं, उत्तर आलं नाही, मग वकिलांची नोटीस आणि मग जिल्हा आयोग. कंपनीचा माणूस म्हणत होता केस पुण्यातच करावी लागेल. तसं नाहीये, २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच, आणि १० ते २० लाखांच्या प्रकरणाला फी फक्त ४०० रुपये. मुदत दोन वर्षांची आहे, "पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो" यात ती घालवू नका. आयोग माल लॅबमध्ये तपासायला पाठवू शकतो, म्हणून दुरुस्ती करायच्या आधी फोटो, मोजमाप, कापलेले तुकडे सगळं जपून ठेवा.

ज्यांचं अजून ठरतंय त्यांनी 'ऑर इक्विव्हॅलंट' हे शब्द कोटेशनमधून खोडून सही घ्या. गाडी निघायच्या आधी स्वतः फॅक्टरीत जा, आपल्याच घराच्या खिडकीसाठी कापलेला पॅनेलचा तुकडा मागा, काटा आणि मायक्रोमीटर सोबत न्या, छपरावर पाइपने अर्धा तास पाणी मारायला लावा. वाऱ्याच्या भाराचं आयएस ८७५ भाग ३ या भारतीय मानकाप्रमाणे केलेलं गणित इंजिनिअरच्या सहीने मागा, कोकणात तर मागाच. आणि निदान २० टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा, अॅग्रीमेंटमध्ये तसं लिहून घ्या. याला कंपनी तयार नसेल तर दुसरी बघा.