केदारनाथच्या हेलिकॉप्टर तिकिटांच्या नावाखाली माझे ३४,२५० रुपये कसे गेले

आई-वडील आणि आम्ही दोघे अशा चौघांच्या केदारनाथ यात्रेसाठी हेलिकॉप्टरची तिकिटे काढताना माझे ३४,२५० रुपये गेले. हे लिहिताना लाज वाटते, कारण चौदा वर्षे मी हिशेब विभागात काम करतो आहे आणि ‘साइट सुरक्षित आहे का ते बघितल्याशिवाय पैसे भरू नका’ हे घरात सगळ्यांना मीच बजावत आलो आहे.

शोधात सर्वांत वर आलेल्या त्या साइटवर फाटा, सिरसी आणि गुप्तकाशी ही तिन्ही उड्डाणस्थळे होती, इतकेच नव्हे तर यात्रा नोंदणी क्रमांकाचा रकानाही होता. पैसे भरण्याआधी बायकोने विचारले, “नक्की खरी आहे ना?” तेव्हा मी पत्त्यालगतचे चिन्ह दाबून तिला साइटचे सुरक्षा प्रमाणपत्र उघडून दाखवले. कनेक्शन सुरक्षित, प्रमाणपत्र वैध. खाली संस्थेच्या नावाची ओळ होती आणि तिच्यापुढे नाव नव्हते. ही माहिती प्रमाणपत्राचा भाग नाही, एवढेच तिथे लिहिले होते. मी ते वाचले आणि चौकट बंद केली. तो क्षण आजही डोळ्यांपुढून जात नाही.

त्या प्रमाणपत्रात खोटे काहीच नव्हते, हे मला नंतर कळले. असे साधे प्रमाणपत्र देणारी यंत्रणा अर्जदाराचा त्या पत्त्यावर ताबा आहे की नाही एवढेच तपासते. हे काम माणसाच्या मदतीशिवाय काही मिनिटांत आणि अनेकदा फुकट होते. आपण टाकलेली माहिती वाटेत कोणी वाचणार नाही याची हमी त्यातून मिळते, पण ती माहिती घेणारा कोण आहे याची मिळत नाही. सुरक्षित कनेक्शन दाखवणाऱ्या कुलुपाच्या चिन्हाचा अर्थ लोक ‘विश्वासू’ असा घेतात म्हणून क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये पत्त्याजवळचे कुलूपच काढून टाकले. संस्थेची कागदपत्रे तपासून दिलेली प्रमाणपत्रेही असतात, परंतु अनेक खऱ्या साइटही साधेच प्रमाणपत्र वापरतात, त्यामुळे शेवटी पत्ताच अक्षर न् अक्षर वाचावा लागतो, आणि तोही उजवीकडून. अधिकृत आरक्षण ‘हेलियात्रा डॉट आयआरसीटीसी डॉट को डॉट इन’ येथे होते. मी उघडलेल्या पत्त्यात यातले ओळखीचे शब्द होते, पण ते सुरुवातीला. शेवट मात्र निराळाच होता. पत्ता ज्याच्या मालकीचा असतो तो त्याच्या आधी हवे ते शब्द जोडू शकतो.

क्यूआर कोडवर कोणा एंटरप्रायझेसचे नाव आले, तेही मी पाहिले. एजन्सीचे खाते वेगळ्या नावाने असू शकते असे वाटले, आणि तिकिटे बघता बघता संपतात हेही ठाऊक होते. वडील ७४ वर्षांचे आहेत, त्यांचे गुडघे चढण चढू देत नाहीत; त्या घाईत दुसऱ्या कोणीही हेच केले असते. २४,४०० रुपये भरले, व्हॉट्सॲपवर तिकिटाची पीडीएफ आली आणि दुसऱ्या दिवशी विम्यासाठी आणखी ९,८५० मागितले, तेही मी दिले. तिकीट हातात आल्यानंतर पुन्हा पैसे मागितले तर तिथेच थांबा.

त्याच रात्री सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तिसऱ्या प्रयत्नात फोन लागला आणि तक्रार क्रमांक मिळाला. सकाळी बँकेत गेलो, तर “पिन तुम्हीच टाकलात” असे सांगून अर्ज ठेवून घेतला. पोलीस ठाण्यात “हे सायबरचे काम” म्हणाले, सायबर विभागात “आधी हद्दीतल्या ठाण्यात जा” म्हणाले. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी त्याची खबर ठाण्याने घ्यावी, असे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. ते मी छापून नेले, तरी मला दोन तास बाकावर बसवले. स्क्रीनशॉटच्या छापील प्रती माझ्याकडून चार वेळा घेतल्या. साइटचा पत्ता आणि प्रमाणपत्राचा तपशील मी स्वतःहून लिहून दिला होता, त्याबद्दल मात्र कोणी एक प्रश्न विचारला नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराची ओळख पटवणारा क्रमांक) आधी लिहून ठेवा, आणि फोन करायला सकाळची वाट पाहू नका.

समोरच्या खात्यात ३,१८० रुपये गोठवले आहेत, पण ते परत मिळण्यासाठी न्यायालयाचा आदेश आणा म्हणतात. तक्रार केल्यानंतर अकराव्या दिवशी मी तो पत्ता पुन्हा उघडला. साइट चालू होती, आरक्षण सुरू होते आणि प्रमाणपत्र वैध होते.