घोडीनं पोट धरलं: ठाणावरच इलाज, की गाडीत घालायची?

हरणीनं पोट धरलं त्या रात्री मी पहाटेपर्यंत वाट बघत बसलो. शेजारपाजारचे म्हणाले, फिरव, वारा सरला की मोकळी होईल. पहाटे ती एकदम शांत उभी राहिली आणि मला वाटलं, सुटलो. ती शांतता आतडं फुटल्याची होती. दिवस उजाडायच्या आत ती गेली. पुढं दोन वर्षांनी तिच्याच पोरीनं, काजळनं, ऐन थंडीत मान वळवून कुशीकडं बघायला आणि पायानं जमीन उकरायला सुरुवात केली. दोघींची लक्षणं सुरुवातीला अगदी सारखी होती. हरणीला गाडीत घालायला हवं होतं आणि काजळला ठाणावरच ठेवायला हवं होतं. हा फरक ओळखायचा कसा, ते लिहितोय. नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेतून हौसेनं घोडी आणणारे आपल्याकडं पुष्कळ आहेत, त्यांच्या उपयोगी पडावं.

आधी मनातून बैल काढा. बैल ढेकर देतो, रवंथ करतो. घोड्याला ढेकर येत नाही आणि उलटीही होत नाही. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर जेमतेम 8 ते 15 लिटरचं. त्यात साचलेलं पुढं सरकलं नाही तर जठरच फुटू शकतं. म्हणून बैलाच्या पोटफुगीवर चालणारा इलाज इथं घातक ठरतो. कुणी जाणता माणूस आला आणि कुशीत सुई टोचतो म्हणाला, तर हात जोडून नको म्हणा.

घरगुती उपायांत नुकसानीचा उपाय म्हणजे बांबूच्या नळीनं तोंडात तेल ओतणं. घोडीचं डोकं वर बांधून ओतलेलं तेल श्वासनळीत उतरतं. पातळ पॅराफीन या खनिज तेलाला तर चवही नसते, ठसकाही लागत नाही, ते थेट फुप्फुसात जातं. पोटातून वाचलेली घोडी मग न्यूमोनियानं जाते. तेल द्यायचंच असेल तर डॉक्टरांनी नाकातून जठरात घातलेल्या नळीनंच. घरच्यांनी करायचं ते एवढंच: समोरची वैरण आणि चंदी उचलायची, पाणी ठेवायचं पण जबरदस्ती करायची नाही, लोळत असेल तर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालवायची. शांत पडली असेल तर पडू द्यावी. रात्रभर फिरवून घोडी फक्त दमते. हरणीला मी चार तास फिरवलं होतं.

आणि नाडी मोजायची. जबड्याच्या हाडाखाली आतल्या बाजूनं बोटं सरकवली की शीर लागते. 15 सेकंद मोजा, चारनं गुणा. निवांत घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44. साठीच्या वर गेली आणि तिथंच राहिली तर प्रकरण साधं नाही. ऐंशीच्या वर असेल, हिरड्या जांभळट पडल्या असतील, तर आतडं मरायला लागलंय असं समजून पुढचं ठरवा. निरोगी हिरडी गुलाबी असते. अंगठ्यानं दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परत येतो. हे सगळं फोनवर सांगता आलं तर डॉक्टर येतानाच तयारीनं येतात.

आता खरी निवड. डॉक्टरांना ठाणावर बोलवायचं, की परभणी नाहीतर उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठायचं? माझं मत स्पष्ट आहे: आधी डॉक्टर ठाणावर, गाडी मात्र त्याच वेळी दाराशी. पोटदुखीच्या बहुतेक घोड्या इंजेक्शन, नळी आणि पाणी एवढ्यावर बऱ्या होतात. तपासणी न करता, दुखणं न थांबवता गाडीत घातलेली घोडी वाटेत लोळते आणि स्वतःसकट माणसालाही चेंगरते. पण डॉक्टर घोड्याला नळी घालणारे हवेत. आपल्याकडचे बरेच जण दिवसभर गाई-म्हशीच बघतात, त्यात त्यांचा दोष नाही. तालुक्यात कुणाचा हात घोड्यावर बसलाय, हे आजच विचारून ठेवा. 1962 वर फिरत्या पथकासाठी फोन लावता येतो, पण रात्री अकराला ओळखीच्या डॉक्टरांचा नंबर कामी येतो.

काजळला नळी घातली तेव्हा नळीतून काहीच परत आलं नाही. नाडी 48 होती. डॉक्टरांनी मागून हात घालून पाहिलं, तर डाव्या बाजूला मोठ्या आतड्याच्या वळणावर घट्ट गोळा लागला. कोरडा कडबा आणि हौदातलं गारढोण पाणी. थंडीत घोडी पाणी कमी पिते आणि लीद आतच सुकते. फ्लुनिक्सिनचं इंजेक्शन शिरेतून दिल्यावर दुखणं थांबलं आणि कित्येक तास थांबलेलंच राहिलं. अशी घोडी ठाणावर ठेवावी. नळीतून तीन लिटर पॅराफीन गेलं आणि मग दर काही तासांनी कोमट पाणी. शिरेतून सलाईन देण्याचा हट्ट धरू नका. 400 किलोच्या घोडीला दिवसाला साधारण 20 लिटर पाणी लागतं, म्हणजे अर्ध्या लिटरच्या 40 बाटल्या. कोंडलेल्या लिदीसाठी नळीनं जठरात गेलेलं पाणीच जास्त उपयोगी आणि स्वस्तही पडतं.

याउलट नळी घालताच दोन लिटरच्या वर घाण पाणी आपोआप परत आलं, तर लहान आतडं अडलंय. अशा वेळी तेल देऊच नये. इंजेक्शन देऊन तास-दोन तासांत पुन्हा तडफड सुरू झाली, तरीही थांबू नये. दुसऱ्या, तिसऱ्या इंजेक्शनवर सकाळ काढायची नाही. औषधानं दुखणं झाकलं जातं, पण आतला पीळ सुटत नाही. निघण्याआधी डॉक्टरांकडून जठर रिकामं करून घ्या, पिकअपमध्ये वाळू किंवा पोती अंथरा, आणि महाविद्यालयाला फोन करूनच निघा.

शस्त्रक्रियेचं बोलायचं तर अंतर आधी बघा. आतड्याला पीळ पडला की हातात काही तासच असतात. नांदेडहून पुणे साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पीळ पडलेली घोडी तिथं वेळेत पोहोचणं अवघड. संभाजीनगर, जालन्याकडच्यांना पुणे जमू शकतं. देगलूर, उदगीर, नांदेडकडच्यांनी हैदराबादचा विचार करावा, ते बरंच जवळ आहे आणि रेसकोर्समुळे पुण्यासारखेच तिथंही घोड्यांवर हात बसलेले डॉक्टर आहेत. जागा सरकलेलं आतडं किंवा न सुटणारा गोळा असेल तर वेळ थोडा जास्त मिळतो, तेव्हा लांबचा प्रवासही करावा. पण पैसे किती लागतील, टेबल रिकामं आहे का, भूल देणारे हजर आहेत का, हे निघण्याआधी विचारा. वाचली तरी पुढं महिनाभर ठाणावर बांधून आणि साधारण तीन महिने बिनकामाची ठेवावी लागते. लग्नसराईत घोडीवर घर चालवणाऱ्यानं हाही हिशेब मांडावा, त्यात लाज नाही.

नाडी ऐंशीच्या वर, हिरड्या जांभळ्या, अंगाला गार घाम आणि पोहोचण्याजोगं काही नाही, अशा वेळी डॉक्टरांना इंजेक्शन देऊन कायमचं शांत करायला सांगणं हाही इलाजच आहे. हरणीला मी तेवढंही देऊ शकलो नाही, ते मला अजून सलतं.

काजळनं तिसऱ्या दिवशी पहाटे लीद टाकली. मी ती हातानं फोडून पाहिली, वरून तेलकट, आतून अजून कोरडी. फक्त तेल बाहेर पडलं म्हणजे गोळा सुटला असं नसतं, ते कडेनंही निसटतं. म्हणून आणखी एक दिवस पाणी चालू ठेवलं. मग ओल्या हिरव्या गवताची मूठ, तासा-तासानं. कडबा पाचव्या दिवशी, तोही कुट्टी करून, पाणी शिंपडून. हौदात सकाळ-संध्याकाळ गरम पाण्याची एक-एक बादली मिसळतो, तेव्हापासून ती पोटभर पिते.